उलटतपासणीविना साक्ष



ज्या वकीलसाहेबांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांचं उभं आयुष्य साक्षीदारांचे जबाब ऐकण्यात गेलं. म्हणून मी विषयही साक्षीचाच घेतला आहे. सरकारने, लष्कराने किंवा एखाद्या बड्या कंपनीने केलेला कट आम्ही उघड करतो, असं सांगणारे माहितीपट आज घरोघरी, मोबाइलवर पाहिले जातात. त्यांतल्या कशावर विश्वास ठेवायचा, कशावर नाही आणि ते ठरवायचं कसं, हा माझा आजचा प्रश्न आहे. न्यायालयात साक्षीदाराची सरतपासणी होते, मग उलटतपासणी होते आणि त्यानंतरच त्याच्या शब्दाला वजन येतं. माहितीपटात फक्त सरतपासणी असते. उलटतपासणीचं काम प्रेक्षकावर येऊन पडतं आणि बहुतेक वेळा ते कुणीच करत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘कट वगैरे काही नसतं, सरकार असं कशाला करेल’ अशी भूमिका घेऊन मी इथे उभा नाही. कट असतात. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगी इथे तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही. ‘तुमचं रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं. पुढे पेनिसिलिन आलं, या रोगावरचं सर्वमान्य औषध झालं, तेही त्यांना दिलं नाही. उपचार न केल्यास रोग माणसाला कसा खात जातो, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत पाहायचं होतं. एखाद्या माहितीपटात हे पाहिलं असतं तर आपण अतिशयोक्ती म्हणून सोडून दिलं असतं. पण ते घडलं.

ते उघड कसं झालं, तेही पाहण्यासारखं आहे. आरोग्य खात्यात काम करणाऱ्या पीटर बक्सटन या तरुणाने १९६६ पासून वरिष्ठांकडे लेखी हरकती घेतल्या. कुणी दाद देईना, तेव्हा त्याने कागद पत्रकारांच्या हाती दिले. असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांनी ते तपासून जुलै १९७२ मध्ये बातमी दिली आणि तो अभ्यास थांबला. त्या अभ्यासाचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत वर्षानुवर्षं छापून येत होते. खरा कट बहुधा असाच असतो. तो रुक्ष असतो, कारकुनी असतो, फायलींत नोंदलेला असतो. त्याला माणसांची नावं असतात, तारखा असतात आणि तो उघड करणारा माणूस स्वतःच्या नावानिशी समोर येतो.

आता ज्या माहितीपटाने या प्रकाराला इंटरनेटच्या काळात वळण दिलं, त्याच्याकडे येतो. ‘लूज चेंज’. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनिऑन्टा या छोट्या गावचा डिलन एव्हरी हा विशीतला मुलगा. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला अमेरिकी सरकारनेच घडवला, असं काही मित्रांना कळतं, अशी एक काल्पनिक पटकथा तो लिहीत होता. लिहिता लिहिता त्याचा त्या कल्पनेवर विश्वास बसला आणि पटकथेचा माहितीपट झाला. २००५ मध्ये पहिली आवृत्ती आली, त्याच वर्षी दुसरी, २००६ मध्ये तिचं पुनर्संकलन, २००७ मध्ये ‘फायनल कट’ आणि २००९ मध्ये आणखी एक. घरच्या संगणकावर, अगदी थोड्या पैशांत केलेलं हे काम जगभर लाखो लोकांनी पाहिलं. संगीत पकड घेणारं आहे, निवेदकाचा आवाज शांत आहे आणि एकामागून एक प्रश्न असे येतात की पहिल्याचा विचार करेपर्यंत चौथा समोर उभा राहतो.

त्यातला एकच प्रश्न जवळून पाहू. त्या दिवशी अपहरण झालेल्या चार विमानांपैकी युनायटेड ९३ पेन्सिल्व्हेनियात शेतात कोसळलं. त्याआधी प्रवाशांनी घरी फोन केले. मार्क बिंगहॅम या प्रवाशाने आईला फोन केला आणि म्हणाला, ‘आई, मी मार्क बिंगहॅम बोलतोय.’ ‘लूज चेंज’ इथे थांबून प्रेक्षकाला विचारतो, की तुम्ही कधी आपल्या आईला आडनावासकट आपली ओळख सांगितली आहे का? तात्पर्य असं, की तो आवाज बनावट होता, यंत्राने तयार केलेला होता. प्रश्न ऐकताना अंगावर काटा येतो, कारण आपण कुणीच आईला तसं नाव सांगत नाही. पण या मुलाला ती सवय होती का, हे एकच व्यक्ती सांगू शकत होती आणि ती व्यक्ती हयात होती, बोलायला तयार होती. त्याच्या आईने सांगितलंही, की कामाच्या घाईत असला की मार्क घरीसुद्धा असंच पूर्ण नाव सांगून बसे. आवाज आपल्या मुलाचाच होता, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चित्रपटाने प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या आईबद्दल विचारलं. मार्कच्या आईचं उत्तर प्रेक्षकापर्यंत आणलं नाही. उलटतपासणीचा पहिला प्रश्न मला इथेच सापडतो. ज्याला उत्तर ठाऊक असायला हवं, त्याच्याकडे हे लोक गेले होते का?

त्याच विमानाबद्दल दुसऱ्या आवृत्तीत आणखी एक दावा होता, की युनायटेड ९३ कोसळलंच नाही, ते क्लीव्हलंडला सुखरूप उतरलं. याला पुरावा म्हणून त्याच सकाळची एका टीव्ही केंद्राच्या संकेतस्थळावरची बातमी दाखवली जाते. बातमी खरोखरच आली होती. त्या सकाळच्या गोंधळात डेल्टा कंपनीचं १९८९ क्रमांकाचं दुसरं विमान बॉम्बच्या संशयावरून क्लीव्हलंडला उतरवलं गेलं होतं. वृत्तसंस्थेची दोन विमानांत गल्लत झाली आणि थोड्याच वेळात तिने बातमी मागे घेतली. संकेतस्थळावरचं एक पान तेवढं मागे राहून गेलं. हल्ल्यानंतर चार वर्षांनी, खुलासा उपलब्ध असताना, त्या पानावर अख्खा दावा उभा राहिला. मोठ्या घटनेच्या पहिल्या तासाभरातल्या बातम्या नेहमीच चुकतात. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत वाहिन्या पाहत बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पहिल्या तासाची बातमी घेऊन दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती गाळणारा माहितीपट दिसला, की मी सावध होतो.

गाळण्याचा याहून ठळक नमुना पेंटागॉन या अमेरिकी लष्करी मुख्यालयावरच्या हल्ल्याचा आहे. तिथे विमान आदळलंच नाही, क्षेपणास्त्र आदळलं, असं सांगणाऱ्या पुस्तकांत आणि फितींत माइक वॉल्टर या पत्रकाराचं एक वाक्य फिरत राहिलं. तो रस्त्यावर गाडीत होता, त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि पंख असलेल्या क्रूझ क्षेपणास्त्रासारखं ते होतं असं तो म्हणाला. एवढंच ऐकलं तर काम झालं. पण त्याच मुलाखतीत, या वाक्याच्या अगदी आधी, त्याने अमेरिकन एअरलाइन्सचं जेट फार खालून येताना पाहिल्याचं स्वच्छ सांगितलं होतं. उपमा ठेवली आणि ती ज्याला दिली होती ते विमान काढून टाकलं. संकलनाच्या टेबलावर हे करायला काही सेकंद लागतात. वॉल्टरला पुढे वर्षानुवर्षं सांगत फिरावं लागलं, की मी विमानच पाहिलं.

इथे एखादा श्रोता म्हणेल, की बारीकसारीक दावे चुकले म्हणून सारा संशयच खोटा ठरत नाही. मान्य. म्हणून कटाचा दावा करणाऱ्या मंडळींच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे वळतो. जागतिक व्यापार केंद्राच्या आवारातली सातव्या क्रमांकाची ४७ मजली इमारत. तिच्यावर विमान आदळलं नव्हतं. तरीही त्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांच्या सुमारास ती कोसळली. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांना वेडं ठरवणं चूक आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने तपास केला. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले श्याम सुंदर त्याचे प्रमुख होते. विमान आदळलेल्या शेजारच्या मनोऱ्याच्या पडझडीने इमारतीत आगी लागल्या. पाणी मारणारी यंत्रणा निकामी होती, त्यामुळे त्या तासन्‌तास जळत राहिल्या. तापून प्रसरण पावलेल्या तुळयांनी एका मुख्य आडव्या तुळईला तिच्या बैठकीवरून ढकललं, मजले कोसळत गेले, ७९ क्रमांकाचा खांब आधाराविना वाकला आणि तिथून पुढे सारी इमारत गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ऑगस्ट २००८ मध्ये अहवालाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्यात म्हटलं होतं, की इमारत पडताना मुक्त पतनापेक्षा बराच जास्त वेळ लागला. डेव्हिड चँडलर नावाच्या भौतिकशास्त्राच्या शाळाशिक्षकाने चित्रफितीवर मोजमाप करून हरकत घेतली, की काही क्षण इमारत मुक्त पतनानेच खाली आली आहे. चँडलर हे अधिकृत निष्कर्ष न मानणाऱ्यांपैकी. निस्टने पुन्हा मोजलं आणि नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात लिहिलं, की पडण्याचे तीन टप्पे होते आणि मधल्या टप्प्यात २.२५ सेकंद इमारत मुक्त पतनाच्या वेगाने आली. त्याचं स्पष्टीकरणही दिलं. आतला सांगाडा आधीच कोसळलेला होता आणि बाहेरचे खांब वाकल्यामुळे त्या क्षणी खालून जवळपास काहीच विरोध उरला नव्हता. स्फोटकांचा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. एवढे खांब उडवणारा स्फोट मैलभर ऐकू गेला असता आणि तसा आवाज कुठल्याच ध्वनिमुद्रणात नाही.

मला या प्रसंगाचं मोल फार वाटतं. एका शाळाशिक्षकाने सरकारी संस्थेची चूक दाखवली, संस्थेने ती छापील अहवालात दुरुस्त केली आणि कुणालाही दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचता येतात. आता ‘लूज चेंज’कडे पाहा. पहिल्या आवृत्तीत दावा होता, की मनोऱ्यावर आदळलेल्या विमानाच्या पोटाखाली एक पेटीसारखी वस्तू बसवलेली होती. दुसऱ्या आवृत्तीत ती गायब झाली. ज्या प्रेक्षकाने पहिली आवृत्ती पाहून शेजाऱ्याला पटवलं होतं, त्याला दुसऱ्या आवृत्तीत कुणी सांगितलं नाही, की तो मुद्दा आमचा चुकला होता. चूक कुणाचीही होते. ती दुरुस्त करताना आधीच्या चुकीचा उल्लेख होतो की नाही, यावर माझा विश्वास कमीजास्त होतो.

‘इतिहासात आजवर कुठलीच पोलादी सांगाड्याची उंच इमारत आगीने पडलेली नाही’ हे वाक्यही या साऱ्या चित्रपटांतून ऐकू येतं. त्यासाठी माद्रिदच्या विंडसर मनोऱ्याचं उदाहरण देतात. फेब्रुवारी २००५ मध्ये तो रात्रभर जळला, तरी उभा राहिला. उभा राहिला तो त्याचा काँक्रीटचा गाभा. वरच्या मजल्यांवरचा बाहेरचा पोलादी भाग त्या आगीत खाली आला, हे छायाचित्रांत स्पष्ट दिसतं. म्हणजे हे उदाहरण नीट पाहिलं तर नेमकं उलट बाजूने साक्ष देतं. पुढे जानेवारी २०१७ मध्ये तेहरानची प्लास्को ही पोलादी इमारत आगीने कोसळली आणि आत असलेले अग्निशमन दलाचे जवान तिच्याखाली गेले.

मग सरकारला खोटं ठरवणारा प्रत्येक माहितीपट फेकून द्यायचा का? अजिबात नाही. माझ्या लेखी या प्रकारातला आदर्श एरल मॉरिस यांचा ‘द थिन ब्लू लाइन’ आहे. नोव्हेंबर १९७६ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस इथे रॉबर्ट वुड या पोलिसाचा खून झाला. रँडल अ‍ॅडम्स याला दोषी ठरवून मृत्युदंड दिला गेला. तो नंतर जन्मठेपेवर आला. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्ष डेव्हिड हॅरिस या १६ वर्षांच्या मुलाची होती. मॉरिस खरं तर दुसऱ्याच विषयासाठी टेक्सासला गेले होते. सरकारी पक्षातर्फे साक्ष देऊन आरोपींना मृत्युदंडापर्यंत नेणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञावर त्यांना चित्रपट करायचा होता. तिथे अ‍ॅडम्स भेटला. तो निर्दोष असल्याचं सांगत होता. तुरुंगात असं सांगणारे कमी नसतात. मॉरिस यांनी पूर्वी खासगी गुप्तहेर म्हणून काम केलं होतं. ते खटल्याचे कागद वाचत बसले आणि मग साक्षीदारांना एकेक करून शोधत गेले.

एमिली मिलर ही सरकार पक्षाची साक्षीदार. तिने न्यायालयात अ‍ॅडम्सला ओळखलं होतं. कॅमेऱ्यासमोर मनमोकळं बोलता बोलता ती सांगून गेली, की ओळख परेडीत आपण चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं होतं आणि बरोबर माणूस कोणता ते पोलिसाने सांगितलं. मॉरिस यांनी तिला आरोपी केलं नाही, बोलू दिलं. हॅरिसच्या शेवटच्या मुलाखतीच्या दिवशी कॅमेरा बिघडला. म्हणून पडद्यावर फक्त टेपरेकॉर्डर दिसतो आणि हॅरिसचा आवाज ऐकू येतो. अ‍ॅडम्स निर्दोष असल्याची आपल्याला खात्री आहे, कारण खरं काय ते आपल्यालाच ठाऊक आहे, असं तो सांगतो. १९८८ मध्ये चित्रपट आला. १९८९ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने अ‍ॅडम्सची शिक्षा रद्द केली आणि बारा वर्षांनी तो सुटला.

या चित्रपटातही खुनाचे प्रसंग नटांकडून करवून घेतलेले आहेत, संगीतही आहे. त्यावर त्या वेळी टीका झाली. पण ते प्रसंग ‘असं घडलं’ म्हणून येत नाहीत. प्रत्येक साक्षीदार जे सांगतो, तेच पुन्हा घडवून दाखवलं जातं. तपशील एकमेकांशी जुळत नाहीत हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं आणि खोटं कुठे आहे ते आपण शोधू लागतो. मॉरिस साऱ्या जगाच्या सत्तेबद्दल बोलत नाहीत. एक रात्र, एक गोळी आणि ती कुणी झाडली, एवढाच त्यांचा दावा आहे. तो चुकीचा ठरू शकला असता. म्हणूनच न्यायालयात तो टिकला तेव्हा त्याला किंमत आली.

खऱ्या माणसांची खरी वाक्यं घेऊन सपशेल खोटी गोष्ट रचता येते, हे विल्यम कारेल या फ्रेंच दिग्दर्शकाने २००२ मध्ये मुद्दाम दाखवून दिलं. चांद्रविजयाची दृश्यं दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिककडून गुपचूप चित्रित करून घेतली गेली, अशी कथा त्यांनी ‘ओपेरास्यों ल्यून’मध्ये सांगितली. त्यात हेन्री किसिंजर, डोनाल्ड रम्सफेल्ड, बझ ऑल्ड्रिन, खुद्द कुब्रिक यांची पत्नी, सगळे खरे लोक बोलताना दिसतात. काही पात्रं नटांनी केलेली आहेत. शेवटच्या श्रेयनामावलीत सगळं उघड होतं. नट चुकतात, हसतात, खोटेपणा कबूल होतो. इंटरनेटवर याच चित्रपटाचे तुकडे शेवट वगळून ‘पुरावा’ म्हणून फिरले. प्रत्यक्षात अपोलो यान उतरल्याच्या जागा नासाच्या उपग्रहाने २००९ पासून टिपल्या आहेत आणि आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही टिपल्या आहेत.

शेवट कापण्याचं हे तंत्र आपल्या दारापर्यंत आलेलं आहे. २०१८ साली भारतभर मोबाइलवर एक फीत फिरत होती. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढंच तिच्यात दिसे. मूळ फीत कराचीत बालसुरक्षेच्या जागृतीसाठी बनवलेली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, की मूल पळवायला एवढाच वेळ लागतो, लक्ष ठेवा. हा शेवट कुणीतरी कापला आणि मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा गावोगाव पसरत गेल्या. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केलं. त्यांना काही विचारायची, ओळखपत्र पाहायची, त्यांच्या गावी एक फोन करायची तसदी कुणी घेतली नाही. उलटतपासणी झाली नाही, शिक्षा झाली. कटाच्या कथा ही निरुपद्रवी करमणूक आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती पाच माणसं आठवावीत.

तेव्हा घरी बसल्या काय करायचं, तर मी जे करतो ते सांगतो. माहितीपट एकदा आवाज बंद करून पाहतो. संगीत गेलं, की पडद्यावर प्रत्यक्षात किती थोडं दिसत होतं ते कळतं. मग निवेदनातले प्रश्न विधानांच्या रूपात कागदावर लिहितो. ‘आडनाव सांगून कुणी आईला फोन करतं का?’ याचं विधान होतं, ‘तो आवाज यंत्राने बनवला होता.’ विधान लिहिलं, की त्याला पुरावा मागता येतो. प्रश्नाला मागता येत नाही. कुणाचंही दहा सेकंदांचं वाक्य पटलं, तर पूर्ण मुलाखत शोधतो. आणि चित्रपट बनवणाऱ्यांनी सांगितलं आहे का ते पाहतो, की अमुक गोष्ट सापडली तर आमचं म्हणणं चुकीचं ठरेल. जिथे विरुद्ध पुरावा म्हणजेच लपवाछपवीचा पुरावा मानला जातो, तिथे तपास संपलेला असतो. ‘यात फायदा कुणाचा?’ या प्रश्नाला मी फारसं महत्त्व देत नाही. कुठल्याही आपत्तीत कुणाचा ना कुणाचा फायदा होतोच. त्यावरून ती कुणी घडवली हे सिद्ध होत नाही.

हे काम एकट्याने करणं जड जातं. म्हणून या व्याख्यानमालेच्या संयोजकांना आणि इथे बसलेल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी एक शनिवार काढा. सकाळी विद्यार्थ्यांना ‘लूज चेंज’ दाखवा, दुपारी ‘द थिन ब्लू लाइन’. मध्ये निस्टच्या अहवालातली सातव्या इमारतीबद्दलची पानं हातात द्या. तो अहवाल कुणालाही मोफत वाचता येतो. आपल्या गावातल्या एखाद्या फौजदारी वकिलाला बोलवा आणि त्यांच्याकडून मुलांना उलटतपासणी कशी घेतात ते शिकवून घ्या. खर्चाचा भार संयोजकांवर पडू नये म्हणून आज मला दिलेलं मानधन मी त्या शनिवारासाठी इथेच ठेवून जातो आहे.